पर्यावरण धोरणातली उन्हाळी इंटर्नशिप : दिल्ली, मंत्रालय की आपली महापालिका?

सह्यकन्या
नमस्कार. मी कोल्हापूरला एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे दुसऱ्या सत्रात आम्हाला ४ क्रेडिटचं ओजेटी (प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) आहे. वर्गातले बहुतेक जण साखर कारखान्याच्या ईटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पावर) नाहीतर एखाद्या खासगी लॅबमध्ये जातात आणि पीएच, बीओडी (पाणी किती आम्ल, किती घाण याचे आकडे) काढतात. ते आम्ही कॉलेजातही करतोच. मला बघायचंय तो आकडा पुढे कुठे जातो. कोण वाचतं, कोण सही करतं, त्यावरून नियम कसा ठरतो.

म्हणून मे-जूनमध्ये सरकारी धोरणाच्या बाजूची इंटर्नशिप शोधतेय. यादीत सध्या केंद्रीय पर्यावरण मंत्रालय, नीती आयोग, मंत्रालयातला राज्याचा पर्यावरण विभाग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ. घरून दिल्लीला ना नाही, पण बाबांचा सवाल सरळ आहे : "पगार नाही तर तिथे राहायचं कशावर?" पदवीला ६७ टक्के आहेत. कुणी केली असेल तर काम खरंच काय मिळतं ते सांगा. सर्टिफिकेटचे फोटो नकोत, ते लिंक्डइनवर पोटभर पाहिलेत.

जोरबागकर
मी केली आहे, एका केंद्रीय कार्यालयात. नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते फारसं गोड नाही.

आधी नीती आयोगाचं. त्यांचा अर्ज दर महिन्याच्या १ ते १० तारखेला ऑनलाइन उघडतो. कालावधी किमान सहा आठवडे, जास्तीत जास्त सहा महिने. मानधन नाही. पदव्युत्तरच्या मुलांना पदवीला ७० टक्के लागतात, म्हणजे तुझं घोडं तिथेच अडतं. (अटी बदलत असतात, त्यामुळे जाहिरात स्वतः वाच. पण ही बरीच वर्षं तशीच आहे.)

केंद्रीय मंत्रालय जोरबाग मेट्रोजवळच्या इंदिरा पर्यावरण भवनात आहे. इमारत २०१४ सालची, वर सौर पॅनेलचं छप्पर, खाली यंत्राने गाड्या लावायचं पार्किंग. सगळे आधी तेच बघतात.

आता काम. मी होतो तिथे पहिला आठवडा बसायला खुर्ची शोधण्यात गेला. मग पावसाळी अधिवेशन जवळ आलं आणि एकदम सगळ्यांना इंटर्न आठवले. खासदारांच्या प्रश्नांची उत्तरं तयार होतात ती आधीच्या उत्तरांवरून, आणि ती जुनी उत्तरं, समितीची इतिवृत्तं, राज्यांकडून आलेले तक्ते शोधून एका जागी आणायचं काम आमच्याकडे. कंटाळवाणं वाटेल, पण धोरण कसं चालतं ते मला तिथे कळलं. एका राज्याने आकडा पाठवलेला नसतो, दुसऱ्याने वेगळ्या वर्षाचा पाठवलेला असतो, आणि सभागृहात उत्तर देण्याचा दिवस तर ठरलेला असतो. मग 'माहिती संकलित करण्यात येत आहे' हे वाक्य जन्माला येतं.

खर्च म्हणशील तर खोली, जेवण, मेट्रो धरून महिन्याला पंधरा-वीस हजार कुठे गेले कळत नाही. यूपीएससीवाल्या मराठी पोरांच्या खोलीत चौथा म्हणून शिरलास, आय मीन शिरलीस, तर थोडं कमी.

नांगरट
म्हणजे थोडक्यात, सरकारला फुकट कारकून हवेत आणि ज्यांच्या बापाला दोन महिन्यांचं दिल्लीचं भाडं परवडतं त्यांची पोरं 'धोरणकर्ती' होतात. मराठवाड्यातल्या ज्या पोरीच्या गावात टँकर येतो, तिला पाण्याच्या धोरणावर बोलायचा जास्त हक्क आहे, पण ती जोरबागला पोचणार कशी?

मी कुणाला नाउमेद करत नाही. पण बिनपगारी इंटर्नशिप ही चाळणी आहे आणि ती गुणांची चाळणी नाही, एवढं तरी उघड बोला.

जोरबागकर
@नांगरट, मान्य. माझ्या बॅचमध्ये निम्म्याहून जास्त मुलं दिल्लीतल्याच कॉलेजांची होती, घरून डबा आणायची. काही खात्यांत थोडंफार मानधन असतं, पण ते धरून बेत आखू नये. जाहिरातीत छापलेलं असेल तरच खरं.

कलेक्टरसाहेब_होणार
पीएम इंटर्नशिप योजनेत महिन्याला ५,००० मिळतात की! आणि राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे, पदवीधरांना १०,०००. धागाकर्तीने तिकडे भरावा फॉर्म.

जोरबागकर
साहेब, दोन्ही गल्ल्या चुकल्या. पीएम इंटर्नशिप बड्या कंपन्यांमधली आहे आणि वर्षभराची. पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नाहीच. राज्याची योजनाही शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही. मुख्यमंत्री फेलोशिप हे तिसरंच प्रकरण : पदवी आणि वर्षभराचा अनुभव मागतात आणि तीही पूर्णवेळ. एम.एस्सी. झाल्यावर बघण्यासारखी आहे, उन्हाळ्यात उरकण्यासारखी नाही.

निवृत्त_क्षेत्रअधिकारी
बाळ, तुझा प्रश्न मला आवडला. बीओडीचा आकडा पुढे कुठे जातो, असं विचारणारे विद्यार्थी आमच्या कार्यालयात फार येत नसत. बहुतेक जण भेटीचा फोटो काढून जात.

आकड्याचा प्रवास सांगतो. क्षेत्र अधिकारी कारखान्यात जाऊन नमुना घेतो, त्याला आम्ही जेव्हीएस म्हणतो. तो मंडळाच्या प्रयोगशाळेत जातो. अहवाल उपप्रादेशिक कार्यालयात येतो. मंडळाने कारखान्याला दिलेल्या संमतीपत्रातल्या मर्यादेपेक्षा आकडा जास्त असला की कारणे दाखवा नोटीस. प्रकरण वाढलं तर प्रादेशिक कार्यालयाकडे प्रस्ताव, तिथून प्रस्तावित निर्देश, अंतरिम निर्देश, बँक हमी जप्त करणं, आणि अगदी टोकाला पाणी कायद्याच्या कलम ३३अ खाली उत्पादन बंदचे निर्देश, सोबत वीज आणि पाणी तोडायला महावितरण नि एमआयडीसीला पत्र. या प्रत्येक पायरीवर माणूस बसलेला आहे आणि प्रत्येक माणसाला थांबायला कारण सापडू शकतं. धोरण म्हणतात ते इथेही असतं. शीवच्या मुख्यालयात परिपत्रक निघतं, पण ते पाळायचं कसं हे टेबलावर ठरतं.

तेव्हा उपप्रादेशिक कार्यालयाला कमी लेखू नकोस. कॉलेजच्या पत्रासह प्रादेशिक अधिकाऱ्यांना भेट आणि एक ठरावीक काम माग. नुसतं 'मला शिकायचंय' म्हणालीस तर जुन्या नस्त्यांना पृष्ठ क्रमांक घालायला बसवतील. 'संमतीपत्र असलेले उद्योग दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत फॉर्म पाच मध्ये पर्यावरण विवरण भरतात, त्यातल्या एका औद्योगिक वसाहतीच्या पाणीवापराची तीन वर्षांची तुलना करते' असं म्हणालीस तर साहेब चष्मा काढून तुझ्याकडे बघतील. ती विवरणं येतात, पोच होतात आणि मग त्यांचा एकत्र विचार करायला कुणाला सवड नसते.

पंचगंगाकाठ
उशिरा आलो, पण मला वाटतं धागाकर्तीच्या उपयोगाचं आहे. मी एका महापालिकेत अभियंता आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७अ प्रमाणे आयुक्तांना दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो. ३१ जुलै. म्हणजे काम कधी? मे आणि जून. तुझ्या सुट्टीत. आणि माणसं कधी नसतात? तेव्हाच : निम्मी नालेसफाईच्या मागे, निम्मी आपत्ती व्यवस्थापनाच्या नियंत्रण कक्षात.

मग अहवाल होतो कसा? बऱ्याच ठिकाणी सल्लागार नेमतात. सल्लागार गेल्या वर्षीची फाइल उघडतो, शहराचा इतिहास, भौगोलिक स्थान, पर्जन्यमान ही प्रकरणं तशीच ठेवतो, कोष्टकांत नवे आकडे भरतो. मी असा एक अहवाल पाहिलाय ज्यात बंद पडलेली सिटी बसची मार्गिका 'प्रस्तावित' म्हणून सलग येत होती. तो अहवाल कुणी वाचत नाही असं नाही बरं. पत्रकार वाचतात, हरित लवादात जाणारे वकील वाचतात, आणि विरोधी नगरसेवक तर अधोरेखित करून आणतात.

इथे शिरलीस तर एकाच टेबलावर पाणीपुरवठा, ड्रेनेज, उद्यान, आरोग्य, आरटीओ, महावितरण अशा सगळ्यांचे आकडे येतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. पाणीपुरवठा म्हणतो एवढे दशलक्ष लिटर शहराला देतो. त्याचं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं असं गृहीत धरतात. एसटीपीची (शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची) क्षमता कागदावर पुरेशी दिसते. मग जयंती नाल्यातून पंचगंगेत काय जातंय? या तीन आकड्यांमधली तफावत मांडणं हाच तुझ्या ओजेटीचा विषय होऊ शकतो. इचलकरंजी २०२२ मध्ये महापालिका झाली, म्हणजे हेच कलम आता तिथेही लागू, आणि तिथे कापड प्रोसेसिंगचं रंगीत पाणी हा वेगळाच अध्याय.

वर सगळं घरून येऊन-जाऊन. बाबांचा प्रश्न सुटला.

सह्यकन्या
@पंचगंगाकाठ दादा, हे कुणीच सांगितलं नव्हतं! आम्हाला हा अहवाल अभ्यासक्रमात एका ओळीत आहे. पण एक शंका : याला 'धोरण' म्हणतील का? पुढे पीएच.डी. किंवा दिल्लीतल्या संस्थांना अर्ज करताना महापालिका ऐकून लोक नाक मुरडतात.

पंचगंगाकाठ
मुरडू देत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या यादीत देशात ३११ प्रदूषित नदीपट्टे होते आणि त्यातले ५५ आपल्या राज्यात, सगळ्यांत जास्त. ते ५५ पट्टे ज्या सांडपाण्याने प्रदूषित झाले त्यातलं बरंचसं महापालिका-नगरपालिकांच्याच नाल्यांतून आलं. दिल्लीत आराखडा मंजूर होतो, नाला मात्र आमच्या वॉर्डात असतो.

खारफुटी
कायद्याच्या बाजूने चार ओळी. (चारच राहणार नाहीत, सवयीने.)

सह्यकन्या, तुझ्याकडे एक हत्यार आहे ज्याची किंमत तुला दिसत नाहीये : तुला शास्त्र कळतं आणि मराठी येतं. ही जोडी दिल्लीत दुर्मीळ आणि इथे वाया जाते.

१४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते, तिथे अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. किमान ३० दिवस आधी नोटीस. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी. लोकांनी काय मांडलं ते शेवटी तिथेच स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं. आणि मुद्दे व त्यावर प्रकल्पवाल्याचं म्हणणं, असं विवरण स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे दहा माणसं आली तरी सुनावणी झाली.

आता एखाद्या प्रकल्पाचा मराठी सारांश उघडून वाच. 'आधारभूत पर्यावरणीय परिस्थितीचे प्रक्षेपण अनुज्ञेय मर्यादांच्या अंतर्गत असल्याचे अवलोकन झाले' असली वाक्यं. मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनने यातून काय समजायचं? मग तो सुनावणीत उठतो आणि म्हणतो "आमच्या खाडीतली कालवं गेल्या दोन-तीन वर्षांत मरताहेत". इतिवृत्तात त्याचं होतं 'मत्स्यव्यवसायावरील परिणामाबाबत चिंता व्यक्त केली'. प्रकल्पवाल्याचं उत्तर ठरलेलं : 'योग्य उपाययोजना करण्यात येतील'. दिल्लीतल्या तज्ज्ञ समितीपुढे पोचते ती ही शेवटची ओळ. कालवं नाहीत, खाडी नाही, वर्षं नाहीत.

२०२० आठवतंय ना? ईआयए अधिसूचनेचा नवा मसुदा टाळेबंदीत आला, इंग्रजी आणि हिंदीत. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने ३० जूनला हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये उपलब्ध करून द्यायला सांगितलं. सरकारने त्याला विरोध केला. पण मुद्दा लोकांच्या लक्षात आला : कोकणातल्या ग्रामपंचायतीला जो कायदा लागू होणार, तो तिला वाचता यायला हवा.

म्हणून माझी सूचना. जिल्ह्यात झालेल्या तीन-चार जनसुनावण्यांची इतिवृत्तं घे. मंडळाच्या संकेतस्थळावर असतात, नसली तर माहिती अधिकारात माग. परिवेश या केंद्राच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या पोर्टलवर त्याच प्रकल्पांची तज्ज्ञ समितीची इतिवृत्तं आणि मंजुरीपत्रं असतात. सुनावणीतला कुठला मुद्दा मंजुरीच्या अटींपर्यंत पोचला आणि कुठला वाटेत गळला, याचा तक्ता कर. इंटर्नशिप मिळो न मिळो, हे काम घरात बसून होतं. आणि हा तक्ता घेऊन राज्याच्या पर्यावरण विभागात गेलीस तर तुला पृष्ठ क्रमांक घालायला कुणी बसवणार नाही.

निवृत्त_क्षेत्रअधिकारी
वकीलबाई, इतिवृत्त लिहिणाऱ्यांच्या वतीने थोडं बोलू द्या. मंडपात चारशे माणसं, माइक एक, तिघे एकदम बोलताहेत, बाहेर घोषणा, आणि लिहायला मी आणि एक लिपिक. 'चिंता व्यक्त केली' हा बदमाशीपेक्षा थकव्याचा परिणाम जास्त असतो. चित्रीकरण असतं, पण नंतर ते बघून शब्द न् शब्द कोण उतरवणार?

खारफुटी
@निवृत्त_क्षेत्रअधिकारी, पटलं. मग उतरवायला इंटर्न का नाही घेत? मी थट्टा करत नाहीये. प्रत्येक सुनावणीला पर्यावरणशास्त्राचे दोन विद्यार्थी नुसते टिपणं घ्यायला बसवले तर विद्यार्थ्यांचं ओजेटी होईल, तुमचा थकवा वाचेल आणि कालवं इतिवृत्तात येतील.

निवृत्त_क्षेत्रअधिकारी
मी नोकरीत असताना तुम्ही का नाही भेटलात! कुणी तरी लेखी प्रस्ताव द्यायला हवा. तोंडी सूचनेला आमच्याकडे आवक क्रमांक पडत नाही.

नांगरट
आता हे वाचून जरा बरं वाटलं. एक भर : ईआयएसाठी आधारभूत माहिती बहुधा पावसाळा सोडून एकाच ऋतूची घेतात. सह्याद्रीतल्या ओढ्यांची मोजणी मार्च ते मे मध्ये केली तर 'प्रकल्पक्षेत्रात बारमाही प्रवाह नाही' हे आपोआप खरं ठरतं. उन्हाळी इंटर्नांनी निदान जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्याच ओढ्यावर जाऊन एक फोटो काढावा.

ब्रुसेल्सकर
धाग्याशी थोडं अवांतर. इथे युरोपीय आयोगाची ब्लू बुक म्हणून इंटर्नशिप असते. पाच महिने, १ मार्च आणि १ ऑक्टोबरला सुरू होते, दरमहा मानधन देतात, पर्यावरण आणि हवामान ही दोन्ही महासंचालनालयं त्यात येतात. युरोपबाहेरच्यांनाही थोड्या जागा आहेत, पण पदवी पूर्ण लागते आणि गर्दी भयंकर. सह्यकन्येला या उन्हाळ्यात उपयोग शून्य. नांगरट यांच्या पगाराच्या मुद्द्यासाठी लिहिलं, की मानधन दिलं म्हणून कुठलं सरकार बुडत नाही.

मिठीकाठची_मुलगी
मुंबईची बाजू राहिली. मी पालिकेच्या हवामान आराखड्याशी संबंधित कामात एका संस्थेमार्फत इंटर्न होते. लक्षात घ्या, 'संस्थेमार्फत'. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला, त्यात डब्ल्यूआरआय इंडिया ही संशोधन संस्था आणि सी४० हे शहरांचं जाळं यांचा हात होता. सरकारी धोरणाचं बरंचसं लेखन असं भागीदार संस्थांमध्ये होतं. त्यामुळे सरकारी दारावर ताटकळण्यापेक्षा जी संस्था त्या खात्याची तांत्रिक भागीदार आहे तिथे अर्ज केला तर काम जास्त आणि खुर्ची पहिल्याच दिवशी. मानधनही बऱ्याचदा असतं.

तोटा असा, की तुम्ही सुबक अहवाल लिहिता पण तो खात्यात गेल्यावर अर्थ विभागाच्या शेऱ्याने त्याचं काय झालं ते दिसत नाही. तुला जे बघायचंय नेमकं तेच नाही दिसणार.

माझी वसुंधरा अभियान पण बघ. २ ऑक्टोबर २०२० पासून चालू आहे, ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत सगळे भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पाच सदरांत गुण मिळवायला धडपडतात. गावाने गुणांसाठी काय केलं आणि गरज कशाची होती, हे तपासायला मजा येईल.

आणि हो, हल्ली 'पर्यावरण धोरण इंटर्नशिप, सरकारमान्य प्रमाणपत्र' म्हणून पैसे घेणाऱ्यांच्या जाहिराती फिरताहेत. सरकारी खातं इंटर्नकडून फी घेत नाही. पैसे मागितले की फोन ठेवायचा.

सह्यकन्या
सगळ्यांचे खूप आभार. नीती आयोग बाद. केंद्रीय मंत्रालयाची जाहिरात आली तर भरीन, पण त्यावर विसंबून राहत नाही. पहिला अर्ज महापालिकेच्या पर्यावरण विभागाला करतेय, पाणीपुरवठा-सांडपाणी तफावतीच्या विषयावर. आणि खारफुटीताईंच्या तक्त्यासाठी परिवेशवरून दोन साखर-डिस्टिलरी विस्तार प्रकल्पांची इतिवृत्तं काल रात्री उतरवून घेतली. एकात लोकांनी मळीच्या वासाबद्दल नऊ वेळा विचारलंय. मंजुरीच्या अटींमध्ये 'वास' हा शब्द शोधला, एकदाही नाही. हरितपट्टा मात्र ३३ टक्के आहे.

खारफुटी
तो ३३ टक्के जवळपास सगळ्यांनाच असतो. पुढे चल. अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल मागव, प्रकल्पाला तो द्यावाच लागतो. झाडं किती जगली ते त्यात असतं, म्हणजे असायला हवं.

पंचगंगाकाठ
अर्जाला कॉलेजचं पत्र जोड. त्यात विषय, कालावधी आणि 'कोणताही आर्थिक भार महापालिकेवर पडणार नाही' हे वाक्य हवंच, नाहीतर फाइल लेखा विभागात जाऊन बसेल. (नांगरट, रागावू नका.) शिवाय माहिती परवानगीशिवाय प्रसिद्ध करणार नाही, अशी लेखी हमी मागतील. पण सही करण्याआधी विचार, की ओजेटीचा अहवाल विद्यापीठात सादर करायला हरकत नाही ना, आणि ते हमीपत्रातच लिहून घे.

सह्यकन्या
पत्रावर विभागप्रमुखांची सही चालते की प्राचार्यांचीच लागते? आमचे प्राचार्य सोमवारपर्यंत रजेवर आहेत.

पंचगंगाकाठ
प्राचार्यांची घे. सोमवार चालेल, पण एप्रिल संपायच्या आत आवक शिक्का पडायला हवा. पुढे उपायुक्त नालेसफाईच्या पाहणीवर असतात, भेटत नाहीत.